चाळीस उंबऱ्यांचं गाव, सहाशे सत्त्याऐंशी सांगाडे

इंग्लंडच्या उत्तरेकडे, यॉर्कशरमधल्या खडूच्या टेकड्यांत, वॉरम पर्सी नावाचं एक गाव होतं. १४व्या शतकाच्या आरंभी, गाव ऐन भरात असताना, तिथे सुमारे चाळीस उंबरे होते. घरटी पाच माणसं धरली तर दोनशे जीव. सन १५००च्या सुमाराला गाव उठलं ते उठलंच. आज तिथे गवताखाली दबलेले घरांचे चौथरे दिसतात आणि उताराच्या पायथ्याशी छप्पर नसलेलं एक चर्च उभं आहे. सेंट मार्टिनचं चर्च.

या चर्चच्या आत आणि भोवतालच्या दफनभूमीच्या काही भागात पुरातत्त्वज्ञांनी खणलं, तेव्हा ६८७ माणसांचे सांगाडे हाती आले. दोनशे माणसांचं गाव आणि जमिनीखाली त्याच्या जवळजवळ साडेतीनपट माणसं, तीही सगळी दफनभूमी न उकरता!

मध्ययुगीन इंग्लंडची भव्यता सांगायची म्हटली की लिहिणारे कॅथेड्रलांकडे वळतात. उंच शिखरं, रंगीत काचा, राजांच्या समाध्या. त्यांच्या मोठेपणाविषयी शंका नाही. पण डोकं खरोखर गरगरतं ते लहान गावांच्या चर्चांचे आकडे मांडायला बसलं की. मूठभर माणसं घ्या, त्यांना हजार वर्षांनी गुणा आणि उत्तर काय येतं ते बघा. हा गुणाकार गावातल्या कुणी कधी केला नसेल, पण तो त्यांच्या पायाखाली आणि डोक्यावर सतत चालू होता.

आधी देशाचा पसारा पाहू. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीत येणारी गावं, वाड्या आणि शेतं. १३००च्या सुमारास इंग्लंडमध्ये असे आठ-नऊ हजार पॅरिश होते, आणि देशाची लोकसंख्या होती ५० लाखांच्या आसपास. आजच्या मुंबईच्या निम्म्या वस्तीत तो अख्खा देश मावला असता. म्हणजे सरासरी साडेपाचशे-सहाशे माणसांमागे एक दगडी चर्च आणि एक धर्मगुरू. मूल जन्मलं की बाप्तिस्म्यासाठी तिथे आणायचं, लग्न लागायचं ते चर्चच्या दाराशी, आणि शेवटी माणूस पुरायचाही त्याच आवारात. दुसऱ्या पॅरिशमध्ये जाऊन हे उरकायची मुभा सहसा नसे.

ही दाटी सर्वांत जास्त पूर्वेकडच्या नॉरफोक परगण्यात. आकाराने तो आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यापेक्षा किंचित मोठा, सुमारे ५,३७० चौरस किलोमीटर. तेवढ्या जागेत मध्ययुगात हजाराहून जास्त चर्च बांधली गेली. साडेपाच चौरस किलोमीटरांना एक! त्यांतली साडेसहाशेच्या आसपास आजही उभी आहेत. सव्वाशेच्या आसपास चर्चांचे मनोरे तर चक्क गोल आहेत. त्या भागात घडीव दगडाची खाण जवळपास नाही, शेतात सापडतात त्या गारगोट्या, आणि गारगोट्यांनी चौकोनी कोपरा नीट साधत नाही. गोल मनोऱ्याचं हेच कारण, असं पुष्कळ जण मानतात.

आता वॉरमकडे परत. तिथलं पहिलं चर्च १०व्या शतकातलं, लाकडी आणि अगदी चिमुकलं. त्याच जागी पुढे दगडी चर्च आलं, मग ते पाडून त्याहून मोठं. १२व्या शतकाच्या अखेरीस लोक मावेनात म्हणून दक्षिणेच्या भिंतीत कमानी पाडून बाजूला दालन जोडलं. १३व्या शतकात उत्तरेलाही तसंच केलं. त्यानंतर एक छोटं प्रार्थनागृह जोडलं गेलं. गाव वाढत होतं तसं चर्च फुगत होतं.

पुढे चाक उलटं फिरलं. १५व्या-१६व्या शतकांत बाजूची दालनं पाडली, कमानी दगडांनी बुजवल्या, आणि नंतर वेदीचा भागही आखूड केला. हे आजही डोळ्यांनी दिसतं. दक्षिणेच्या भिंतीसमोर उभं राहिलं की तिच्यात अडकलेले खांब दिसतात. खांबांच्या डोक्यावरचं नक्षीकाम दिसतं, आणि दोन खांबांमध्ये, जिथे कधीकाळी माणसं ये-जा करत, तिथे ओबडधोबड चिरे रचून मध्ये खिडकी बसवलेली. कमान वर तशीच आहे, खालची वाट तेवढी बंद. ही भिंत म्हणजे चार-पाचशे वर्षांची जनगणना आहे. कुणी नोंदवही ठेवली नसती तरी लोक किती वाढले आणि किती घटले हे तिने सांगितलं असतं.

चर्चचे दोन भाग दोन खिशांतून उभे राहत, हेही लक्षात घ्यायला हवं. पूर्वेकडचा वेदीचा भाग सांभाळायची जबाबदारी धर्मगुरूची, किंवा पॅरिशचं उत्पन्न ज्याच्याकडे जाई त्याची. पश्चिमेकडचं मोठं दालन, जिथे लोक उभे राहत, ते गावकऱ्यांनी सांभाळायचं. १३व्या शतकापर्यंत हा रिवाज पक्का झाला होता. त्यामुळे पुष्कळ गावांत एकाच इमारतीचे दोन तुकडे दोन वेगळ्या शतकांतले दिसतात. गावाकडे पैसा आला पण धर्मगुरूकडे नाही, की दालन उंच होई आणि वेदी जुनी, बुटकी राही. याच्या उलटही घडे.

धर्मगुरूचं उत्पन्न मुख्यतः दशांशाचं. दहावी पेंढी, दहावं कोकरू, दहावी लोकर, अंडी, मध, दूध, फळं, सगळ्याचा दहावा हिस्सा चर्चचा. १०व्या शतकात एडगर राजाने हा दशांश न देणाऱ्याला दंड ठरवला, आणि १८३६च्या कायद्याने त्याचं रूपांतर रोख रकमेत होईपर्यंत तो धान्याच्या रूपात देण्याची पद्धत बहुतेक ठिकाणी चालू राहिली. मध्ये साडेआठशेहून जास्त वर्षं गेली. दर वर्षी पिकाचा दहावा हिस्सा, म्हणजे साडेआठशे वर्षांत ८५ पूर्ण सुग्या. पेरणीपासून मळणीपर्यंत ८५ वर्षांचं अख्खं पीक, शेवटच्या दाण्यासह. एका माणसाच्या आयुष्यभराच्या कष्टांहून जास्त धान्य प्रत्येक शेताने त्या दगडी इमारतीच्या दाराशी नेऊन ओतलं. ज्या शेतकऱ्याच्या घरात फेब्रुवारीपासून पोरं उपाशी राहायला लागत, त्याच्यासाठी या दहाव्या पेंढीची किंमत काय असेल हे आकड्यात मांडता येत नाही. मांडता येतं ते हाडांत.

वॉरमच्या सांगाड्यांचा अभ्यास पुढे कित्येक वर्षं चालला. मुलांची हाडं मोजली तेव्हा कळलं की तिथला चौदा वर्षांचा मुलगा उंचीने आजच्या दहा वर्षांच्या मुलाएवढा होता. चार वर्षांची वाढ भुकेने आणि आजारपणाने खाल्लेली. हाडांतल्या नायट्रोजनच्या समस्थानिकांवरून आणखी एक गोष्ट उघड झाली. आया मुलांना दीड-दोन वर्षांपर्यंत अंगावर पाजत होत्या. सातशे-आठशे वर्षांपूर्वीच्या आईचं दूध बाळाच्या बरगडीत खूण ठेवून गेलं आणि ती खूण आजच्या प्रयोगशाळेत वाचता आली! मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत अचंबित करणारा भाग हाच वाटतो. दूध मिळत होतं तोवर बाळं बरी वाढत. आईचं दूध सुटलं आणि गावचं अन्न सुरू झालं की वाढ मागे पडे.

उतारवयातल्या बायकांची हाडं तपासली, तर ती जन्मभर शेतात राबूनही आजच्या बायकांच्या हाडांइतकीच ठिसूळ झालेली निघाली. शरीरकष्टाने हाडं म्हातारपणीही भक्कम राहतात ही समजूत या सांगाड्यांनी हलवली.

एक कवटी तर थांबून पाहावी अशी आहे. ९६० ते ११०० या काळातल्या, चाळिशीच्या आसपासच्या एका माणसाची. डोक्यात बोथट हत्याराचा जबर घाव बसलेला. हाड आत दबलं होतं. कुणीतरी डोक्यावरची कातडी बाजूला सारली, दबलेलं हाड खरवडून काढलं आणि मेंदूवरचा दाब कमी केला. हाडाच्या कडा नंतर भरून आलेल्या आहेत, म्हणजे माणूस त्यातून वाचला आणि पुढे जगला. हा राजाचा सरदार नव्हे, साधा शेतकरी. भूल नाही, जंतुनाशक नाही, आणि वैद्य बहुधा गावोगाव फिरणारा. अशा शस्त्रक्रिया तेव्हा फक्त श्रीमंतांच्या वाट्याला येत, असं मानलं जाई. या एका कवटीने ते मोडीत काढलं.

गावातच, दफनभूमीच्या बाहेर, एका खड्ड्यात आणखी १३७ हाडं सापडली होती, निदान दहा माणसांची. त्यांच्यावर सुऱ्याचे वार आहेत, काही भाजलेली आहेत, काही मरणानंतर मोडलेली. वार मुख्यतः डोक्यापाशी आणि मानेपाशी. २०१७मध्ये या हाडांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि त्याचा निष्कर्ष अंगावर काटा आणतो. मेलेली माणसं उठून परत येतील या भीतीने गावकऱ्यांनी प्रेतांची ही गत केली असावी. दातांच्या रासायनिक तपासणीत ही माणसं परकी ठरली नाहीत, ती त्याच मुलखातली होती. शेजारीच असतील. चर्चच्या आवारातली शेकडो माणसं पश्चिमेकडे डोकं करून, उठल्यावर पूर्वेला तोंड यावं म्हणून ओळीने निजवलेली, आणि ही दहा जणं मात्र वस्तीतल्या खड्ड्यात. ज्या उठण्याची एकीकडे वाट पाहिली जाई, त्याच उठण्याला दुसरीकडे लोक इतके भीत होते.

पण ६८७ हा आकडा तरी मोठा का म्हणावा? दोनशे वस्तीचं, न उठलेलं एखादं गाव घेऊ. त्या काळी हजारी तीस मृत्यू हे प्रमाण जास्त नव्हे. वर्षाला सहा मृत्यू. नऊशे वर्षांत ५,४००. एका हयात माणसामागे जमिनीखाली सत्तावीस. आणि आवार केवढं, तर बहुतेक ठिकाणी एखाद-दोन एकर. कायमची खूण म्हणून दगड बसवायची चाल सामान्यांत १७व्या शतकाआधी फारशी नव्हती, त्यामुळे जुन्या कबरीवरच नवी कबर खणली जाई. निघालेली हाडं बाजूला सारून पुन्हा मातीआड करायची आणि पुढचं माणूस निजवायचं. पुष्कळ जुन्या चर्चांभोवती आवाराची जमीन चर्चच्या पायापेक्षा बरीच उंच दिसते, आत जाताना दोन-तीन पायऱ्या उतराव्या लागतात. चर्च खचलेलं नसतं. वर चढलेली जमीन बव्हंशी माणसांची आहे.

या संथ गुणाकारात एकदाच प्रचंड वजाबाकी झाली. १३४८च्या उन्हाळ्यात दक्षिणेच्या किनाऱ्यावर प्लेग उतरला आणि दीड-दोन वर्षांत देशातली निदान एक तृतीयांश, कदाचित निम्मी माणसं गेली. धर्मगुरूंचे आकडे आपल्याला जास्त नेमके ठाऊक आहेत, कारण एक मेला की त्याच्या जागी नेमलेल्या दुसऱ्याची नोंद बिशपच्या दप्तरात होई. त्या दप्तरांवरून मोजलं तर अनेक भागांत दहांतले चार धर्मगुरू मेले. मरणाऱ्यांना शेवटचा संस्कार द्यायला घरोघर जावं लागे, त्याची ही किंमत. इंग्लंडची लोकसंख्या पुन्हा ५० लाखांवर यायला जवळपास तीनशे वर्षं लागली.

हर्टफर्डशरमधल्या ॲशवेल गावच्या सेंट मेरी चर्चच्या मनोऱ्यात, आतल्या भिंतीवर, त्या वेळच्या कुणीतरी टोकदार हत्याराने लॅटिन ओळी कोरून ठेवल्या आहेत. १३५० हे साल त्यात आहे. काळ किती क्रूर होता हे लिहिलंय आणि साक्ष द्यायला समाजातला गाळ तेवढा उरलाय अशी खंतही. पुढे १३६१ साल आणि सेंट मॉरसच्या दिवशी आलेल्या वादळाचा उल्लेख. तेव्हा वर्ष मार्चमध्ये बदलत असे, त्यामुळे आपल्या हिशोबाने ते वादळ १५ जानेवारी १३६२चं. मऊ खडूच्या दगडात कोरलेली ती अक्षरं वेडीवाकडी आहेत, ओळी सरळ नाहीत. जवळच जुन्या लंडनमधल्या सेंट पॉल कॅथेड्रलचं रेखाटनही कोरलेलं आहे. त्याच गावाने त्याच शतकात सुमारे ५४ मीटर उंचीचा मनोरा उभा केला, परगण्यातला सर्वांत उंच. मरणाच्या त्या दिवसांत आणि त्यानंतरही काम चालू राहिलं.

इथे एक कोडं आहे, आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं. माणसं निम्मी झाल्यावर चर्च लहान व्हायला हवी होती. वॉरममध्ये तशी झालीही. पण देशभर पाहिलं तर इंग्लंडच्या गावांतली सर्वांत देखणी, उंच, उजेडाने भरलेली चर्च प्लेगनंतरच्या दीडशे वर्षांत बांधली गेली. मजूर कमी उरले म्हणून मजुरी वाढली. जमीन मुबलक झाली, आणि जगलेल्यांच्या हाती प्रथमच चार पैसे खुळखुळू लागले. त्यात लोकर आणि कापडाचा व्यापार. या लोकरीचा आकडा ऐकून मीही थबकलो होतो. प्लेगच्याही आधी, १३०४-०५ या एका वर्षात इंग्लंडमधून सुमारे ४६,००० पोती लोकर बाहेर गेली. एक पोतं १६५ किलोचं, आणि ते भरायला अडीचशेच्या आसपास मेंढ्यांची लोकर लागे. म्हणजे निर्यातीपुरत्याच एक कोटी पंधरा लाखांच्या घरात मेंढ्या भादरल्या गेल्या. माणसं ५० लाख. माणशी दोनाहून जास्त मेंढ्या!

या पैशाने काय झालं ते नॉरफोकमधल्या सॉल गावात दिसतं. गाव आजही इवलंसं, मोकळ्या शेतांत विखुरलेलं, आणि मध्ये १५व्या शतकातलं सेंट पीटर आणि सेंट पॉलचं चर्च, ज्यात सगळं गाव कित्येक वेळा मावेल. पश्चिमेच्या दारावर पिसांचे अंगरखे घातलेले देवदूत धूपदाण्या हलवताना कोरलेत. आत बाप्तिस्म्याचं अष्टकोनी कुंड आहे. सात बाजूंवर सात संस्कार आणि आठव्या बाजूवर क्रूसावरचा येशू. अशी सात संस्कारांची कुंडं साऱ्या इंग्लंडमध्ये चाळीसच्या आसपासच उरली आहेत आणि जवळजवळ सगळी नॉरफोक-सफोकमधली. सॉलच्या कुंडावरचं लाकडी झाकण मंदिराच्या शिखरासारखं निमुळतं होत गेलेलं. ते हाताने उचलणं शक्यच नव्हतं म्हणून वरून तुळई पुढे काढून कप्पीने उचलायची सोय केली. ती तुळई अजून जागेवर आहे.

फरशीत पितळेचे पत्रे बसवलेत. एकावर १४४०मध्ये वारलेला जेफ्री बोलिन आणि त्याची बायको ॲलिस. हा तिथला खाऊनपिऊन सुखी शेतकरी. त्याचा मुलगा लंडनला गेला, व्यापारात शिरला आणि १४५७मध्ये लंडनचा महापौर झाला. आठव्या हेन्रीची राणी ॲन बोलिन हिचा हा जेफ्री खापरपणजोबा. हेन्रीने तिच्याशी लग्न करण्यासाठी रोमशी नातं तोडलं, आणि त्यातून जी उलथापालथ झाली तिच्यात देशभरच्या गावच्या चर्चांतली चित्रं पुसली गेली, मूर्ती फोडल्या गेल्या, भिंतींना चुना फासला गेला. सॉलच्या फरशीवरून एका कुटुंबाच्या पाच पिढ्यांत राजसिंहासनापर्यंत आणि तिथून हजारो गावांच्या रंग उडालेल्या भिंतींपर्यंत, असा हा प्रवास.

या धर्मक्रांतीने रंग घेतले, पण मनोऱ्यांतल्या घंटा बहुतांशी राहिल्या, आणि १७व्या शतकात त्यांच्यातून नवंच वेड जन्माला आलं. इंग्रजांनी घंटा पूर्ण चाकावर बसवल्या, त्यामुळे दोर ओढणाऱ्याला आपली घंटा किंचित आधी किंवा किंचित नंतर वाजवता येऊ लागली. मग सूर बाजूला राहिले आणि क्रम बदलण्याचा खेळ सुरू झाला. लीलावती या आपल्या जुन्या गणितग्रंथातल्या अंकपाशाच्या, म्हणजे क्रम मोजण्याच्या, नियमाने हिशोब करा. तीन घंटांचे क्रम सहा, चारांचे २४, पाचांचे १२०, सहांचे ७२०, सातांचे ५,०४०. एकही क्रम दोनदा वाजता कामा नये, कागद जवळ ठेवायचा नाही, सगळं पाठ. या कलेवरचं पहिलं पुस्तक १६६८मध्ये छापलं गेलं. २ मे १७१५ रोजी नॉरविचमधल्या सेंट पीटर मॅनक्रॉफ्ट या १५व्या शतकातल्या पॅरिश चर्चमध्ये सात घंटांचे सगळे ५,०४० क्रम सलग वाजवले गेले. ३ तास १८ मिनिटं लागली.

आठवी घंटा आली की आकडा उडीच मारतो, ४०,३२०. २७ जुलै १९६३ रोजी लफबरोच्या घंटा ओतणाऱ्या कारखान्याच्या मनोऱ्यात आठ जण दोर धरून उभे राहिले आणि १७ तास ५८ मिनिटांनी, दुसऱ्या दिवशी, थांबले. मध्ये कुणी बदलून आलं नाही. प्रत्येकाने एकच दोर ४०,३२० वेळा ओढला. बारा घंटांचे क्रम किती? ४७,९०,०१,६००. एका क्रमाला दोन सेकंद धरले तर रात्रंदिवस न थांबता तीस वर्षं.

आठ घंटांचा असा संच पुण्यातही आहे. गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनच्या पवित्र नाम देवालयाच्या मनोऱ्यात. १८९०मध्ये टिळक-रानड्यांनी जिथे चहा घेतला आणि त्यावरून ग्रामण्य पेटलं, तेच हे पंचहौद. मुंबईत कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्येही आठ घंटा आहेत. इंग्लंडबाहेर असे मनोरे फार थोडे, त्यामुळे हे दोन आपल्याकडे असणं ही जपण्याची गोष्ट आहे.

वॉरमचं पुढे काय झालं? प्लेगने ते संपलं असं पुष्कळांना वाटतं, पण ते खरं नाही. प्लेगनंतरही गाव नांदत होतं. १४५८मध्येसुद्धा सोळा घरं होती. गावाला खाल्लं मेंढ्यांनी. धान्याचे भाव पडले, लोकरीचा भाव टिकला, मजूर महाग झाला. शंभर माणसांच्या जागी एक मेंढपाळ पुरत असेल तर जमीनदार काय करील ते सांगायला नको. १५१७मध्ये सरकारने चौकशी बसवली, तेव्हा शेवटची चार घरं हिल्टन नावाच्या जमीनदाराने उठवल्याची नोंद झाली. ज्या लोकरीने सॉलसारखी चर्च उभारली, तिनेच वॉरमसारखी गावं रिकामी केली. इंग्लंडभर अशी सुमारे ३,००० ओसाड गावं आज मोजली गेली आहेत.

चर्च मात्र थांबलं नाही. पॅरिशमधली थिक्सेनडेलसारखी इतर गावं जिवंत होती. तिथले लोक टेकड्या ओलांडून, गावच नसलेल्या गावातल्या या चर्चला येत राहिले, लग्नं लावत राहिले, प्रेतं आणत राहिले. थिक्सेनडेलला स्वतःचं चर्च मिळालं ते १८७०मध्ये. वॉरमची नियमित उपासना १९४९पर्यंत चालली. गाव उठल्यावर साडेचारशे वर्षं! पहिल्या लाकडी चर्चपासून मोजलं तर हजार वर्षं, म्हणजे ५२,००० रविवार. नंतर छपराचं शिसं चोरीला गेलं, आणि १९५९च्या डिसेंबरमध्ये मनोऱ्याचा अर्धा भाग कोसळला.

तोवर इथे खणणारे आले होते. मॉरिस बेरेसफर्ड हा आर्थिक इतिहासाचा अभ्यासक १९५०मध्ये, ओसाड गावं नेमकी कधी आणि का उठली हे शोधायला फावडं घेऊन आला. लवकरच जॉन हर्स्ट हा पुरातत्त्वज्ञ त्याला मिळाला. दोघांनी दर उन्हाळ्यात काही आठवडे स्वयंसेवकांना जमवून खणायचं ठरवलं. घराखाली घर निघत गेलं, चर्चखाली चर्च. चर्चचं काम १९६२ ते १९७४ चाललं. सगळं उत्खनन १९९०मध्ये थांबलं, तेव्हा चाळीस उन्हाळे झाले होते. अहवालांचे तेरा खंड झाले, शेवटचा २०१२मध्ये निघाला, आणि तोपर्यंत बेरेसफर्ड आणि हर्स्ट दोघेही हयात नव्हते. चाळीस वर्षांत गावाचा फार थोडा भाग उकरून झाला होता. बाकी सगळं गवताखाली तसंच आहे.

एका गावाला, तेही अर्धवट, चाळीस वर्षं. अशी गावं ३,०००. याच पद्धतीने एकापाठोपाठ एक खणायची म्हटली तर १,२०,००० वर्षं लागतील. आणि यात सॉल नाही, ॲशवेल नाही, नॉरफोकची साडेसहाशे चर्च नाहीत. तिथे लोक अजून राहतात, आणि आवारांत कुदळ लागते ती नवी कबर खणायला, नाहीतर पाण्याची वाहिनी टाकायला. असं काही काम निघालं की इंग्लंडमध्ये आधी पुरातत्त्वज्ञाला बोलावतात, कारण हातभर खाली गेलं की कुणीतरी भेटतंच.